चाळीस दिवसांचा उपवास, पन्नास दिवसांची सुट्टी

गुड फ्रायडेच्या दुपारी वसईतल्या कुठल्याही चर्चमध्ये जाऊन बघा. उभं राहायला जागा नसते. आतले बाक भरलेले, अंगणातला मंडप भरलेला, मंडपाच्या बाहेर उन्हात छत्र्या धरून उभी असलेली माणसं. एरवी मिस्सा चालू असताना कंपाउंडबाहेर बाइकवर बसून रील्स बघणारी पोरंसुद्धा त्या दिवशी गुडघे टेकतात. त्याआधीचे चाळीस दिवस घरात मटण नसतं, काहींकडे मासळीही नसते. रोज संध्याकाळी 'बसणारे' काका चाळीस दिवस बाटलीला हात लावत नाहीत. लग्नं थांबलेली असतात. दर शुक्रवारी क्रुसाची वाट.

मग शनिवारची रात्र येते. अंधारात नवा अग्नी पेटतो, त्यावर मोठी पास्का मेणबत्ती पेटते, चाळीस दिवस न म्हटलेलं आलेलुया पुन्हा म्हटलं जातं, घंटा वाजतात. येशू उठला. रविवारी सकाळी स्टेटसवर रिकाम्या कबरीचे फोटो, दुपारी मटण, संध्याकाळी काकांची बाटली. आणि सोमवारी? सोमवारी काहीच नाही. सोमवारी ईस्टर संपलेला असतो.

मला हे खटकतं. उपवास खटकत नाही. उपवास करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, मी स्वतः तो कधी धड पाळलेला नाही. खटकतं ते हे, की ईस्टर म्हणजे आपल्याकडे 'उपवास सुटण्याचा दिवस' झाला आहे. चर्चचं कॅलेंडर तसं म्हणत नाही. उपवासकाळ चाळीस दिवसांचा, आणि पुनरुत्थानाचा काळ पन्नास दिवसांचा, थेट पेंटेकॉस्टपर्यंत. दुःखाच्या काळापेक्षा दहा दिवस मोठा. ती पास्का मेणबत्ती या पन्नास दिवसांत वेदीजवळच उभी असते, प्रत्येक मिस्सेला पेटते. पण तुमच्या ओळखीतल्या कुणालाही विचारा, उपवासकाळात काय सोडलंस? लगेच उत्तर मिळेल. ईस्टरनंतरच्या पन्नास दिवसांत काय धरलंस? तो तुमच्याकडे बघत राहील.

येशू मेला, तेव्हा काय करायचं हे आपल्याला नीट माहीत आहे. तो उठला, तर मग काय करायचं, हे आपण कधी ठरवलेलंच नाही.

माळी, वाटसरू, आचारी

शुभवर्तमानांमध्ये पुनरुत्थानानंतरचा भाग छोटा आहे, पण विलक्षण आहे. एखाद्या सिनेमात नायक मरून परत आला असता तर पहिलं काय केलं असतं? पिलाताच्या वाड्यावर गेला असता. कयफाच्या समोर उभा राहिला असता. 'आता बोला' म्हणाला असता. येशू यातलं काहीही करत नाही. ज्यांनी त्याला मारलं त्यांच्याकडे तो फिरकतही नाही.

तो दिसतो कुणाला आणि कसा? कबरीजवळ रडणाऱ्या मरिया मग्दालियाला तो दिसतो, आणि तिला वाटतं हा बागेचा माळी आहे. अम्माऊसच्या रस्त्यावर दोन शिष्यांच्या सोबत तो चालतो, आणि त्यांना वाटतं हा कुणीतरी परगावचा माणूस, याला गावात काय घडलं तेही माहीत नाही. तिबिर्याच्या सरोवराकाठी रात्रभर जाळं टाकून रिकाम्या हाताने परतणाऱ्या कोळ्यांना किनाऱ्यावर एक माणूस दिसतो. त्याने निखारे पेटवलेत, त्यावर मासे ठेवलेत, भाकर आहे, आणि तो त्यांना न्याहारीला बोलावतो. तोही आधी ओळखू येत नाही.

माळी, परका वाटसरू, आचारी. तीन वेळा तो जवळच्याच माणसांना ओळखू येत नाही, आणि तिन्ही वेळा कष्टकऱ्याच्या किंवा उपऱ्याच्या रूपात समोर असतो. क्रुसावरचा येशू आपण शंभर पावलांवरून ओळखतो. हा दुसरा येशू आपल्या रोजच्या रस्त्यावर असतो आणि आपण गाडी न थांबवता पुढे जातो. माझं सगळं भांडण एवढंच आहे, आणि ते मी माझ्याच माणसांशी भांडणार आहे.

माळ्याची वाडी

माळ्यापासून सुरू करू, कारण आपण वसईकर मूळचे वाडीवाले. केळी, पानवेली, फुलं, भाजी. आपल्या आज्या पहाटेच्या लोकलने टोपल्या घेऊन मुंबईच्या बाजारात जायच्या. विहिरीवर रहाट होते. आणि बावखलं होती. बावखल म्हणजे पावसाचं पाणी धरून ठेवणारं, विहिरींना गोड ठेवणारं आपलं छोटं तळं. ज्यांना ते माहीत नाही, त्यांनी वसईच्या गावांतून फिरून बघावं. उरलेली अजून दिसतील. बुजवलेली दिसणार नाहीत, त्यांच्यावर पार्किंग आहे.

1980च्या दशकाच्या अखेरीला या हिरव्या पट्ट्यावर बिल्डरांची नजर पडली, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो वेदीवरून उतरून रस्त्यावर आले. हरित वसईची चळवळ उभी राहिली. 'सुवार्ता'च्या संपादकाने, एका धर्मगुरूने, झाडं आणि पाणी हा श्रद्धेचा विषय केला. 2020 साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा आपली छाती फुगली. 25 जुलै 2024ला ते गेले तेव्हा आपले डोळे भरून आले. त्यांच्या फोटोला हार घालणं सोपं आहे. अवघड हे, की त्यांनी वाचवायला घेतलेली जमीन पुढे कुणी विकली, हा प्रश्न स्वतःला विचारणं. बाहेरच्या बिल्डरला गावात वाट दाखवणारा एजंट बऱ्याचदा आपल्यातलाच असतो. कधी तो चर्चमध्ये वाचनही करतो.

'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात ईस्टरनंतरच्या पहिल्या ख्रिस्ती समूहाची हकिगत आहे, आणि तिथे जमीन वारंवार येते. बर्णबा शेत विकतो आणि सगळे पैसे गरजूंसाठी आणून ठेवतो. हनन्या आणि सप्पीरा हे जोडपंही जमीन विकतं, काही पैसे मागे ठेवतं, आणि सगळे दिले असं भासवतं. पेत्र त्याला काय सुनावतो ते लक्षपूर्वक वाचा. जमीन तुझीच होती, विकल्यावरचे पैसेही तुझेच होते, असंच तो म्हणतो. चूक विकण्यात नव्हती. चूक सोंगात होती.

म्हणून मी 'जमीन विकू नका' असं म्हणणार नाही. कुणाच्या घरात कॅन्सर असतो, कुणाची शेती तीन पिढ्यांच्या वाटण्यांत रुमालाएवढी झालेली असते. पोटासाठी विकणाऱ्याला मी कोण सांगणार? पण बावखल बुजवून चाळ उठवायची, विहिरीचं पाणी टँकरला विकायचं, शेजाऱ्याची विहीर खारी झाली तर हात वर करायचे, आणि पर्यावरण दिनाला प्रवेशद्वाराशी रोप लावताना फोटो काढायचा, याला हनन्याचं सोंग म्हणतात. पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली 'लाउदातो सी' लिहून पृथ्वीची हानी आणि गरिबांचे हाल ही एकच जखम असल्याचं सांगितलं. आपण त्या पत्रावर परिसंवाद घेतले. बिसलेरीच्या बाटल्यांसकट.

वाटसरू कुठून आला?

आता दुसरा. अम्माऊसच्या रस्त्यावरचा परका.

गेल्या काही वर्षांत वसई-विरारला किती माणसं आली हे सांगायला नको, लोकलच्या दारात उभं राहिलं की कळतं. त्यांच्याबद्दल आपण घरात कोणते शब्द वापरतो तेही सांगायला नको. गर्दी वाढली, पाणी कमी पडलं, हे खरं आहे. पण नालासोपाऱ्यात दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या माणसाने ती इमारत बांधलेली नाही. त्याचं नियोजन चुकलेलं नाही. ज्यांचं चुकलं त्यांच्याशी आपण शेकहँड करतो आणि राग रिक्षावाल्यावर काढतो.

दोन वर्षांपूर्वी ईस्टरनंतरच्याच आठवड्यात एका लग्नाला गेलो होतो. हॉलच्या मागे हात धुवायला गेलो तर केटररची पोरं भांडी घासत बसली होती. रात्रीचे साडेबारा वाजलेले. त्यातल्या एकाच्या गळ्यात रोझरी होती. मला वाटलं, फॅशन असेल. विचारलं, कुठला? सिमडेगा, झारखंड. तो कॅथलिक होता. ईस्टरच्या मिस्सेला कुठे गेला होतास, म्हटलं. तो हसला. 'काम था,' म्हणाला. गुड फ्रायडेलाही कामच होतं. एका मोठ्या चर्चपासून चालत दहा मिनिटांवर, आमच्याच धर्माचा, आमच्याच उष्ट्या ताटांच्या ढिगाऱ्यामागे तो बसला होता, आणि पन्नास वऱ्हाडी त्याच्या बाजूला हात धुऊन गेले होते. मीही त्यांतला एक होतो. मीही त्याच्याशी बोललो ते गळ्यातली रोझरी बघून. ती नसती तर बोललो नसतो, हे मला अजून जास्त टोचतं.

परका नेहमी बाहेरूनच येतो असंही नाही. आपल्यातच कुपारी, वाडवळ, कोळी, ईस्ट इंडियन अशा भिंती आहेत. वेदीवर भाकर एकच, पण मुलगी दाखवायची वेळ आली की पहिला प्रश्न 'कुणातली?' असाच असतो. वसईबाहेर पडा, अहमदनगर-मराठवाड्याकडे चला, तिथल्या ख्रिस्ती माणसाला विचारा की मुंबईच्या आणि किनाऱ्याच्या ख्रिस्ती लोकांनी त्याला किती जवळ केलं. दलितांमधून ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने त्या आधी हिंदूंपुरत्या ठेवल्या, 1956 साली शिखांना आणि 1990 साली बौद्धांना दिल्या, ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. ही मागणी न्याय्य आहे आणि तिच्यासाठी लढलंच पाहिजे. पण गंमत बघा. सरकारपुढे आपण सांगतो, धर्म बदलला तरी जात गेली नाही. आणि चर्चमध्ये आपण सांगतो, आमच्यात जात नाही. या दोन वाक्यांपैकी एक खोटं आहे, आणि कोणतं ते सगळ्यांना माहीत आहे.

पहिल्या ख्रिस्ती समूहातही असं झालं होतं. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जातं अशी तक्रार आली. प्रेषितांनी 'आपल्यात असं काही नाही' असं निवेदन काढलं नाही. त्यांनी सात माणसं नेमायला लावली, आणि त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. म्हणजे पळी तक्रार करणाऱ्यांच्याच हातात दिली. आपल्या धर्मग्रामांच्या समित्यांवर परगावच्या किती माणसांच्या हातात पळी आहे?

आचाऱ्याचे निखारे

तिसरा, निखाऱ्यांवर मासे भाजणारा येशू. मला तो सगळ्यांत आवडतो.

योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोनदा येतो. पहिल्यांदा मुख्य याजकाच्या अंगणात, थंडीच्या रात्री. तिथे शेकत उभा राहून पेत्राने तीनदा सांगितलं, मी या माणसाला ओळखत नाही. दुसऱ्यांदा सरोवराकाठी. तिथे येशू पेत्राला तीनदा एकच गोष्ट विचारतो, माझ्यावर प्रेम आहे का. 'तेव्हा असं का बोललास' हा प्रश्न तो विचारतच नाही. आधी खाऊ घालतो, मग विचारतो, आणि लगेच काम देतो, कोकरं सांभाळ. माफी मिळाली आणि जबाबदारीही मिळाली, एकाच न्याहारीत.

आपल्याकडे ईस्टरनंतरच्या जेवणाचं काय झालंय? उपवासकाळात थांबलेली सगळी लग्नं या पन्नास दिवसांत येतात. त्यामुळे पुनरुत्थानाचा काळ आपल्यासाठी हॉल, डीजे, ड्रोन आणि काउंटरचा काळ झाला आहे. चाळीस दिवस जी दारू देवासाठी सोडली, ती पन्नास दिवस व्याजासकट वसूल होते. एका लग्नासाठी वाडीचा तुकडा जातो किंवा पाच वर्षांचं कर्ज बसतं. 'लोक काय म्हणतील' या एका भीतीपुढे आपली सगळी श्रद्धा गुडघे टेकते. आनंद नको असं नाही. आनंदच तर हवा. येशूने मासे भाजले, प्रवचन दिलं नाही. पण त्या न्याहारीत रात्रभर राबून आलेल्यांना बसवून वाढलं होतं. आपल्या न्याहारीत रात्रभर राबणारे मागे भांड्यांपाशी असतात.

आणि स्वयंपाकघरातल्या बाया? कबर रिकामी असल्याची बातमी पहिल्यांदा स्त्रियांनी आणली, आणि पुरुष शिष्यांना ती निरर्थक बडबड वाटली. हे लूकने लपवलेलं नाही. पोप फ्रान्सिस यांच्या काळात, 2016 साली, मरिया मग्दालियाच्या दिवसाला प्रेषितांच्या सणाचा दर्जा मिळाला. आपल्या घरात दर्जा कुणाचा? उपवास घरातल्या सगळ्यांचा, पण उपवासाचं वेगळं रांधायचं तिने, आणि ईस्टरचं मटणही तिनेच. मार खाऊन मिस्सेला आलेल्या बाईला 'सहन कर, येशूने क्रूस वाहिला' असं सांगणारी माणसं मी ऐकली आहेत. त्यांना कुणीतरी सांगायला हवं, की तिसऱ्या दिवशी क्रूस संपला होता. बाईचा शुक्रवार वीस वर्षं चालत असेल, तर त्याला भक्ती म्हणत नाहीत.

मराठी ख्रिस्ती परंपरेत हे कळलेली माणसं होऊन गेली आहेत. पंडिता रमाबाईंनी 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातून अनाथ मुली आणि विधवा केडगावला आणल्या, त्यांना निवारा दिला, हाताला काम दिलं. आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणायला बसल्या, का, तर साध्या बाईला ते कळावं म्हणून. भाकर, काम आणि शब्द, तिन्ही एकाच अंगणात. हा ईस्टर आहे.

'पण काळ कसा आहे बघ'

मला उत्तर काय मिळणार ते माहीत आहे. म्हणतील, काळ वाईट आहे. ख्रिस्ती माणसाने तोंड उघडलं की धर्मांतराचा आरोप होतो, प्रार्थनासभांवर जमाव चालून जातात. अशा वेळी आपल्याच माणसांची लक्तरं बाहेर का काढायची? गप्प राहावं, शाळा-दवाखाने चालवावेत, टिकून राहावं.

शाळा आणि दवाखान्यांचं काम मोठं आहे, ते कुणी नाकारत नाही. पण दुसऱ्यांनी पन्नास वर्षांपूर्वी उभारलेल्या शाळेच्या पुण्याईवर मी आज किती दिवस जगणार? आणि भीतीबद्दल म्हणाल, तर ईस्टरच्या संध्याकाळी शिष्यही दारं बंद करूनच बसले होते. भ्यायले होते, आणि त्यांना भ्यायला कारणही होतं. येशू त्या बंद दारातून आत आला तो हातापायांच्या जखमा घेऊन. तो जखमा झाकत नाही, उलट दाखवतो. थोमाला म्हणतो, हात लावून बघ. जो समाज आपल्या जखमा दाखवू शकतो, त्याच्यावर आरोप करणाऱ्यांकडे फारसं काही उरत नाही.

सूड नको, आणि गप्प बसणंही नको, अशी तिसरी वाट असते. जानेवारी 1999मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना गाडीत जिवंत जाळलं. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना जाहीरपणे माफ केलं. पण त्या बॅग भरून लगेच निघून गेल्या नाहीत. पुढची काही वर्षं मुलीला घेऊन तिथेच राहिल्या, कुष्ठरुग्णांची सेवा चालू ठेवली. माफी आणि काम, पुन्हा एकाच न्याहारीत. हे वाचताना माझी मान खाली जाते, कारण मी पार्किंगवरून शेजाऱ्याशी दोन वर्षं बोललेलो नाही.

पन्नास दिवसांत काय करता येईल

मोठ्या गोष्टी सोडा. उपवासकाळात आपण छोट्या गोष्टी नेमाने करतो, तेवढाच नेम पुढे न्यायचा. चाळीस दिवसांच्या दारूचे वाचलेले पैसे मोजा, आणि घरकामाला येणाऱ्या ताईंना पन्नास दिवसांत भरपगारी चार सुट्ट्या द्या. लग्न ठरवताना केटररला मेनूआधी एक प्रश्न विचारा, तुमची पोरं कधी जेवणार आणि किती वाजता घरी जाणार? गावात एक तरी बावखल उरलं असेल तर पेंटेकॉस्टच्या आत, म्हणजे पावसाच्या आत, तिथला गाळ काढा. तुमच्या गावात झारखंडची, ओडिशाची पोरं कामाला आहेत का, त्यांना रविवारी दोन तास सुटी मिळते का, हे धर्मग्रामाने शोधायला हवं. जिच्या घरात मारहाण होते तिला प्रार्थनेच्या आधी वकिलाचा नंबर द्या. आणि ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याच्या दारात जा. या शेवटच्यावर मला स्वतःला सही करायची आहे.

2025च्या पवित्र आठवड्यात पोप फ्रान्सिस नुकतेच न्यूमोनियातून उठले होते. पवित्र गुरुवारी ते रोमच्या रेजिना चेली तुरुंगात गेले. बहुतेक वर्षी ते या दिवशी कैद्यांचे पाय धुवायचे. या वेळी वाकता येत नव्हतं, पाय धुता आले नाहीत, पण ते गेले, भेटले. ईस्टरच्या रविवारी गाडीतून चौकातल्या गर्दीत फिरले. 21 एप्रिलला, ईस्टरच्या सोमवारी सकाळी, त्यांचा मृत्यू झाला.

त्यांच्याकडे न जाण्याचं खरंखुरं कारण होतं, डॉक्टरच्या कागदासकट. आपल्याकडे येत्या ईस्टरच्या सोमवारी कोणतं कारण असेल?